तालीम बंद आहे

वह्या मिटा. मोबाइल दप्तरात टाका. आज धडा पुढे सरकणार नाही, आणि तास संपेपर्यंत कुणी "मॅडम, पाणी पिऊन येऊ का" म्हणत उठायचंही नाही.

काल दुपारी सभागृहाच्या मागच्या दाराशी उभी राहून मी तुमची गॅदरिंगची तालीम शेवटपर्यंत पाहिली. 'विविधतेतून एकता' असं नाव दिलंय तुम्ही त्या बारा मिनिटांच्या नाटुकल्याला. आधी एक लुंगीवाला आला, दर वाक्यामागे 'अय्यो' म्हणाला आणि इडलीची ताटली नाचवून गेला. मग गळ्यात गमछा, तोंडात पान असलेला बिहारी आला; त्याला तिकीट काढता येत नव्हतं आणि रांगेत उभंही राहता येत नव्हतं. बंगाली आला तो माकडटोपी घालून. सरदारजीच्या तोंडी तुम्ही काय घातलंत ते मी इथे उच्चारणार नाही. आणि सगळ्यांत शेवटी तुमचा 'चायनीज'. एका मुलाने डोळ्यांच्या कडा सेलोटेपने कानशिलाकडे ओढून चिकटवल्या होत्या. हात कराटेसारखे हलवत, तोंडाने वेडेवाकडे आवाज काढत तो आला, आणि त्याची बायको म्हणून तुम्ही तुमच्याच वर्गातली मुलगी शेजारी उभी केलीत. उखरूलची, मणिपूरची मुलगी. "हिला सेलोटेपची गरज नाही," असं कुणीतरी खालून ओरडलं. कालच्या तालमीतला सर्वांत मोठा हशा त्या वाक्याला होता.

ती आत्ता वर्गात नाही. मीच तिला ग्रंथालयात बसवून आले आहे, कारण मी हे बोलत असताना चाळीस माना तिच्याकडे वळाव्यात अशी माझी इच्छा नाही. तेवढं तिने दीड वर्ष सोसलंय.

तालीम बंद आहे. ते नाटुकलं होणार नाही. चिठ्ठ्या, विनंत्या, वर्गप्रतिनिधीला पुढे करणं, यांतलं काहीही चालणार नाही.

संहिता कुणी लिहिली ते मला कळलंय. त्याला मी उभं करणार नाही, कारण मग सगळ्यांनाच उभं करावं लागेल. लिहिणारा एक होता. सेलोटेप आणून देणारा दुसरा. तालीम घेणारे चौघे. बाकीचे हसले. काही जणांना ते पटत नव्हतं. ते खाली मान घालून बुटांच्या नाड्या बघत होते. त्यांचे चेहरे मला दिसत होते. त्यांनीही आज स्वतःला बाजूला काढू नये. एकाने जरी "हे नको" म्हटलं असतं, तरी तिला एवढं कळलं असतं की या वर्गात आपलं कुणीतरी आहे.

आणि आता तुमची उत्तरं. ती मला पाठ आहेत. "मॅडम, नुसती गंमत होती." "आम्ही तिला विचारलं होतं, ती चालेल म्हणाली." "ती स्वतःसुद्धा हसली." हो, हसली. तुमच्यातल्या एकाला उद्या उचलून दोन-तीन दिवसांच्या प्रवासाच्या अंतरावर नेऊन ठेवलं, जिथे भाषा येत नाही, जेवण वेगळं आहे, रस्त्यावरून जाताना लोक वळून बघतात, आणि खोलीवर परतल्यावर आईशी बोलायचं तर रेंज मिळेलच याची खात्री नाही, अशा जागी चाळीस जणांनी "तुला चालेल ना?" असं विचारलं, तर तुम्ही काय म्हणाल? नाही म्हटलं तर उद्यापासून डबा खायला शेजारी कोण बसेल, हा हिशेब तिने त्या एका क्षणात केला आणि 'चालेल' म्हणाली. तो होकार नव्हता. तुम्हाला तो होकार वाटला, कारण तुम्हाला तसा वाटून घ्यायचा होता.

दीड वर्षात तुम्ही तिच्याबद्दल काय मिळवलंत, तेही सांगते. तिचं नाव तुम्हाला नीट उच्चारता येत नाही. तिला तुम्ही 'मोमो' म्हणता. मोमो तिच्या गावचा पदार्थ नाही, हेसुद्धा तुम्हाला ठाऊक नाही. अकरावीत पहिल्या आठवड्यात तिला एकाने "इकडे यायला पासपोर्ट लागतो का" असं विचारलं होतं, आणि विचारणारा कला शाखेचा, इतिहास-भूगोल घेतलेला विद्यार्थी होता. तिच्या डब्यात एकदा आंबवलेल्या सोयाबीनची चटणी होती, तर खिडक्या उघडून नाकाला रुमाल लावणारे महाभागही इथेच बसलेत. घरी सुकट भाजली की गल्लीच्या टोकापर्यंत वास जातो, त्याच घरातली मुलं तुम्ही. त्या वासाने तुमच्या तोंडाला पाणी सुटतं ना? तसंच तिचं.

मी तुम्हाला इतिहास शिकवते, म्हणून माझा राग दुहेरी आहे. तुम्ही एका मुलीचा अपमान केलात, आणि तो ज्या अडाणीपणातून केलात तो माझ्या विषयातला अडाणीपणा आहे. तेव्हा ऐका. हे परीक्षेला येणार नाही, तरी ऐका.

उखरूल हे मणिपूरच्या पूर्वेचं डोंगरातलं गाव. तिथून पुढे म्यानमारची सरहद्द. तिथले लोक तांगखुल नागा. त्या गावाच्या दक्षिणेला डोंगरावर सांगशाक नावाचं तांगखुलांचं एक लहान गाव आहे. मार्च १९४४मध्ये जपानी फौजा चिंदविन नदी ओलांडून भारतात शिरल्या. त्यांच्या ३१व्या डिव्हिजनला कोहिमा गाठायचं होतं. कोहिमा पडलं की दिमापूरचा रेल्वेतळ हाताशी, आणि इंफाळ आपोआप कोंडीत. या फौजेतला एक भाग सांगशाकवरून आला, आणि तिथे त्याची गाठ पडली ५०व्या पॅराशूट ब्रिगेडशी. त्या ब्रिगेडच्या जोडीला कोणती पलटण होती? कुणाला माहीत आहे? कुणालाच नाही.

फोर्थ बटालियन, फिफ्थ मराठा लाइट इन्फंट्री. आपली माणसं. साताऱ्या-कोल्हापूरकडची, कोकणातली, ज्यांच्या पलटणीचं केंद्र बेळगावला आहे ती माणसं. त्या टेकडीवर काटेरी तारा नव्हत्या. पाणी जवळजवळ नव्हतंच. जमीन इतकी कठीण की पुरेसे खोल खंदकही खणता येत नव्हते. २२ मार्चपासून २६ मार्चच्या रात्रीपर्यंत त्यांनी ती टेकडी धरून ठेवली आणि मग हुकूम आल्यावर अंधारात जंगलातून माघार घेतली. जपान्यांचे ते दिवस फुकट गेले आणि माणसं खर्ची पडली; तेवढ्या वेळात कोहिमा आणि इंफाळची तयारी पुढे सरकली. सांगशाक मात्र बेचिराख झालं. ज्यांची घरं तोफांखाली गेली, ते तिथले तांगखुल लोक. त्या डोंगरांतल्या नागा माणसांनी त्या युद्धात वाटा दाखवल्या, ओझी वाहिली, जखमींना खांद्यावरून खाली आणलं.

म्हणजे तुमच्या खापरपणजोबांच्या पिढीतली मराठी पोरं जिच्या गावाजवळच्या मातीत पडून आहेत, तिला तुम्ही विचारलंत की इकडे यायला पासपोर्ट लागतो का.

दुसरी बाजूही सांगून ठेवते, नाहीतर अर्धाच इतिहास हाती लागेल. त्याच वर्षी १४ एप्रिलला, त्याच मणिपुरात, इंफाळच्या दक्षिणेला मोइरांग इथे आझाद हिंद सेनेच्या कर्नल शौकत मलिक यांनी तिरंगा फडकवला. तिथे आज स्मारक आणि संग्रहालय आहे. ज्या भूमीला तुम्ही 'तिकडचं', 'चीनकडचं' म्हणता, त्या भूमीवर स्वातंत्र्याच्या तीन वर्षं आधी झेंडा लागला होता.

उखरूलजवळच लोंगपी नावाचं गाव आहे. तिथे काळी भांडी होतात. दगडाची भुकटी आणि माती मळून, कुंभाराच्या चाकाशिवाय, नुसत्या हातांनी घडवलेली. तुमच्यातल्या काहींच्या घरी ती दिवाणखान्यात शोभेला ठेवलेली असतील. प्रदर्शनातून महाग दरात आणलेली. तिथल्याच शिरुईच्या डोंगरावर फिकट गुलाबी लिली फुलते, ती मणिपूरचं राज्यफूल आहे आणि त्या डोंगराखेरीज ती नांदत नाही. त्याच भागातल्या सिराराखोंगच्या हथेई मिरचीला २०२१मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे एखाद्या आंब्याला, चिकूला मानांकन मिळालं की आपण गावभर पेढे वाटतो. ती मुलगी तुमच्या शेजारी बसते, आणि त्या मिरचीचा रंग काय, ती तिखट किती, हे तिला विचारावं असं दीड वर्षात एकालाही वाटलं नाही.

आता नुसतं मणिपूरच काय, सगळी ईशान्य भारताची आठ राज्यं तुम्ही एका सेलोटेपमध्ये गुंडाळलीत. तिथे दोनशेच्या वर भाषा बोलल्या जातात. नुसत्या मणिपुरात खोऱ्यातले मैतेई वेगळे, डोंगरातले नागा वेगळे, कुकी वेगळे. भाषा वेगळ्या, धर्म वेगळे, जेवण वेगळं, एकमेकांशी भांडणंही खरी आणि जीवघेणी. मे २०२३पासून त्या राज्यात काय घडलंय ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल, किंवा पाहून पुढे सरकवलं असेल. दोनशेहून अधिक माणसं मेली, हजारोंची घरं गेली, इंटरनेट महिनोन्महिने बंद होतं. तिकडची कितीतरी मुलं शिक्षण तुटू नये म्हणून दुसऱ्या शहरांत आली. अशा ठिकाणाहून आलेल्या मुलीला आपण काय दिलं? नाटकात 'चायनीज'ची बायको.

आणि हो, इंफाळमध्ये एक बाजार आहे, इमा कैथेल. 'इमा' म्हणजे आई. हजारो बायका तिथे दुकानं मांडतात आणि गाळ्यावर पुरुष विक्रेता बसत नाही. डिसेंबर १९३९मध्ये तांदूळ राज्याबाहेर जाऊन भाव भडकले, तेव्हा याच बाजारातल्या बायका रस्त्यावर उतरल्या, सरकारी कचेरीला वेढा घालून बसल्या, आणि लष्कर आलं तरी हटल्या नाहीत. मणिपूरच्या इतिहासात बायकांचा तो लढा 'नुपी लान' म्हणून ओळखला जातो, आणि १९०४मध्येही असाच एक लढा झाला होता. या वर्गातल्या मुलींनी हे लक्षात ठेवावं. तुम्ही काल मोठ्याने हसत होतात.

आता बाकीची पात्रं.

तुमच्या बिहाऱ्याला रांगेत उभं राहता येत नव्हतं. मधू लिमये हे नाव ऐकलंय? पुण्यात जन्मलेला माणूस. गोवामुक्तीच्या लढ्यात पोर्तुगीजांच्या तुरुंगात राहून आलेला. लोकसभेत त्यांना पाठवलं कुणी? पुण्याने नाही. १९६४च्या पोटनिवडणुकीत बिहारमधल्या मुंगेरने पाठवलं. १९६७मध्ये पुन्हा मुंगेरने. १९७३मध्ये बांका मतदारसंघाने, १९७७मध्ये पुन्हा बांकाने. आडनाव मराठी, गाव पुणे, हिंदी शिकून घेतलेली, जातीचा आधार नाही. तरी बिहारच्या शेतकऱ्यांनी, मजुरांनी रांगेत उभं राहून, होय, रांगेतच उभं राहून, त्यांना मत दिलं. आपल्याकडून एखादा बिहारी माणूस चार वेळा लोकसभेवर निवडून जाईल का, याचा विचार घरी जाऊन करा.

तो बिहारी इकडे का येतो, हेही तुम्हाला माहीत नाही. "तिकडे काही करत नाहीत, म्हणून इकडे येतात," असं तुमच्या संहितेत वाक्य आहे. कोळसा आणि लोखंड तेव्हाच्या बिहारच्या जमिनीत होतं. १९५०च्या दशकात केंद्र सरकारने ठरवलं की कोळसा, पोलाद देशात कुठेही रेल्वेने नेलं तरी कारखानदाराला ते सारख्याच भावात पडेल. नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत हे धोरण राहिलं. मग खाणीशेजारी कारखाना काढायचं कारण काय उरलं? कारखाने बंदरांकडे, बाजारपेठांकडे गेले. मुंबई-ठाण्याला, पुणे-पिंपरीला त्याचा लाभ झाला. बिहारच्या गरिबीची कारणं आणखीही आहेत: जमीनदारी, कोसीचे पूर, त्यांच्याच राज्यकर्त्यांचा कारभार. पण आपल्या भरभराटीत त्यांच्या खाणींचा हिस्सा आहे, आणि आपल्या सभागृहाचं नवं छत टाकणारे हातही तिकडचेच होते. उन्हाळ्यात तुम्ही सुट्टीवर असताना ते पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते, मी रोज बघत होते. तुमच्या घराण्यांतही हे घडलंय. रत्नागिरी, सातारा सोडून गिरणगावात एका खोलीत दहा-दहा जण पाळीपाळीने झोपले, खानावळीत जेवले, गावी मनीऑर्डर पाठवत राहिले, तेव्हा त्यांना कुणी आळशी म्हटलेलं तुम्हाला खपेल का?

आणि शिवजयंती. गेल्या वर्षी याच वर्गाने कवी भूषणाचे छंद इतक्या जोरात म्हटले की शिपाईमामाही येऊन उभे राहिले. मला अभिमान वाटला होता. भूषण कुठला? कानपूरकडचा. भाषा कोणती? ब्रज. १६७३मध्ये ज्याने महाराजांवर 'शिवराजभूषण' रचलं, त्याला तुमच्या आजच्या भाषेत काय म्हणायचं? म्हणा की. आता का गप्प बसलात?

लुंगीवाल्याचं थोडक्यात सांगते. दक्षिणेत राज्यं पाच आहेत आणि त्यांतल्या कुणालाही 'मद्रासी' म्हटलेलं आवडत नाही. तंजावरला भोसल्यांनी पावणेदोनशे वर्षं राज्य केलं. तिथल्या बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आजही वाचायला मिळतो, आणि मराठीतल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. ज्यांनी आपली मराठी अक्षरं स्वतःच्या देवळाच्या भिंतीवर सांभाळली, त्यांची ओळख तुमच्या लेखी एक इडली.

माकडटोपीवाल्याकडे मी मुद्दाम शेवटी येते आहे. समजा, कोलकात्याच्या एखाद्या कॉलेजात असंच नाटुकलं बसलं आणि त्यात एक 'मराठी माणूस' हवा झाला. तो ते कुठून उचलतील? १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाने बंगालमध्ये जी लूट केली, गावं जाळली, ती बंगाली माणूस विसरलेला नाही. तिथे आई बाळाला झोपवताना अंगाईत 'बर्गी' आले म्हणून सांगते. बर्गी म्हणजे आपले बारगीर. कलकत्त्याने मराठ्यांच्या भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नाव मराठा डिच. तेव्हा त्या नाटुकल्यात मराठी माणूस म्हणून हातात मशाल घेतलेला, दाढी वाढलेला लुटारू नाचत आला, आणि तुम्ही तिथे वसतिगृहात एकटे राहणारे सतरा वर्षांचे विद्यार्थी आहात, आणि त्यांनी तुम्हालाच ती मशाल धरायला दिली. "चालेल ना?" काय म्हणाल? फार लांब जायला नको. मुंबईत 'घाटी' म्हणून कुणाला हिणवतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. तो शब्द ऐकला की तुमच्या कपाळाची शीर तडकते. तडकायलाच हवी. मग 'चिंकी' ऐकणाऱ्याच्या कपाळाला शिरा नसतात का?

"शब्दांनी काय होतं, मॅडम?" हा प्रश्न तिसऱ्या बाकावरून आत्ता आला. बरं झालं विचारलास.

जानेवारी २०१४. दिल्लीचं लाजपतनगर. अरुणाचल प्रदेशचा निदो तानिया नावाचा विद्यार्थी पत्ता शोधत एका दुकानाशी आला. तिथल्या लोकांनी त्याच्या केसांवरून, चेहऱ्यावरून टवाळी केली. नुसती गंमत. त्याला राग आला, त्याने काच फोडली. त्याला मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी तो मेला. विशीच्या आसपासचा मुलगा. पुढे सरकारने बेजबरुआ समिती नेमली. तिच्या शिफारशींत एक अशी होती की ईशान्येचा इतिहास आणि संस्कृती देशभरातल्या विद्यार्थ्यांना शिकवावी. समितीला हे सुचवावं लागलं, कारण टवाळी करणाऱ्यांना त्या मुलाचा देश कुठला हेच माहीत नव्हतं. माझ्या वर्गालाही माहीत नव्हतं, हे मला काल कळलं.

आणि ऑगस्ट २०१२. तुम्ही तेव्हा बोबडं बोलत असाल. आसामात कोक्राझारकडे दंगल उसळली होती. मोबाइलवर अफवा फिरायला लागल्या की आता ईशान्येच्या लोकांवर सूड घेतला जाणार. दुसरीकडचीच छायाचित्रं इकडची म्हणून पाठवली गेली. पुण्यात त्या मुलांना रस्त्यात गाठून मारहाण झाली. बेंगळुरूहून आणि आपल्या पुण्याहून हजारो माणसं गुवाहाटीच्या गाड्या धरून निघाली. रखवालदार, हॉटेलातले वाढपी, ब्यूटी पार्लरमधल्या मुली, आणि विद्यार्थी. सरकारला दिवसाला पाचच संदेश पाठवता येतील असं बंधन घालावं लागलं. त्या गाडीत बसायला गेलेला माझा एक विद्यार्थी मला स्टेशनवर भेटला होता. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात भात शिजवायचा कुकर. मी म्हटलं, अरे, थांब, इथे तुला कोण काय करणार आहे? तो म्हणाला, "मॅडम, मला माहीत नाही कोण करेल. म्हणूनच चाललोय." इतकी वर्षं या शहरात राहून एकही चेहरा त्याला खात्रीचा वाटला नव्हता. आम्ही त्याला मारलं नव्हतं. आम्ही त्याला फक्त 'चिंकी' म्हटलं होतं, आणि त्यामुळे मारणारे कोण आणि न मारणारे कोण, हे त्याला ओळखता येत नव्हतं.

शब्दांनी हे होतं. बस खाली.

आता दुसरी एक जमात आहे या वर्गात, तीही मान वर करून बसली आहे, की आम्ही तर तिचं कौतुकच करतो. "तुमच्याकडच्या मुलींची त्वचा किती छान असते गं." "तुम्ही सगळे गिटार वाजवता ना?" "तुमच्यातली मेरी कोमसारखी असतात, फार चिवट." ती गिटार वाजवत नाही. तिला राज्यशास्त्र आवडतं, तिचं हस्ताक्षर या वर्गात सर्वांत चांगलं आहे, आणि सहामाहीत संविधानाच्या प्रश्नाला तिला पूर्ण गुण होते. तिच्या दोन बाक पुढे बसणाऱ्यांना हे ठाऊक नाही. तिच्या प्रदेशाबद्दल चांगलं ऐकलेलं तिच्यावर चिकटवलंत, तरी तिला पाहिलेलं नाहीतच.

आणि हे फक्त लांबच्यांशी करता असं नाही. नागपूरहून आलेला एक मुलगा जूनमध्ये माझ्याशी "मी येऊन राहिलो मॅडम" असं छान मोकळं बोलायचा. आता तो तोलून-मापून पुणेरी बोलतो, आणि उत्तर द्यायच्या आधी शेजाऱ्याकडे बघतो. तुम्ही त्याची नक्कल केलीत. दर वाक्याला केलीत. त्याची वऱ्हाडी तुम्ही त्याच्या तोंडातून काढून घेतलीत, आणि त्याच वऱ्हाडीत किती कसदार साहित्य आहे ते वाचायचे कष्ट एकानेही घेतले नाहीत. प्रमाण भाषा पुण्याला आंदण मिळालेली नाही.

तास संपत आलाय. आता काय करायचं ते सांगते.

घोळक्याने ग्रंथालयात धावू नका. ती पुस्तक वाचत बसली आहे, तिला वाचू द्या. वर्गाच्या ग्रुपवर सगळ्यांच्या वतीने माफीचा संदेश टाकायचा नाही. टाकलात तर तिला चाळीस जणांना "काही हरकत नाही" असं उत्तर द्यावं लागेल, आणि पुन्हा तिलाच तुमची समजूत काढत बसावं लागेल. ज्याने सेलोटेप लावली त्याने, ज्याने ते वाक्य ओरडून म्हटलं त्याने, ज्याने संहिता लिहिली त्याने, एकेकट्याने, वेगवेगळ्या दिवशी, तिच्याशी बोलावं. लांबलचक नको. "मी चुकलो" एवढं. तिने काही उत्तर दिलं नाही, तर तो तिचा अधिकार आहे. बाकीच्यांनी आधी तिचं नाव शिकावं. कसं उच्चारायचं ते तिलाच विचारा. दोनदा विचारलंत तरी ती रागावणार नाही. 'मोमो' हा शब्द हाक म्हणून माझ्या कानावर पुन्हा आला तर त्या दिवशी पालकांना बोलावणं जाईल.

सोमवारी प्रत्येकाने भारताचा कोरा राजकीय नकाशा आणायचा आहे. ईशान्येची आठ राज्यं आणि त्यांच्या राजधान्या, कुठेही न पाहता लिहायच्या. ज्याचं चुकेल तो मंगळवारी पुन्हा लिहील, आणि बरोबर येईपर्यंत लिहीत राहील.

गॅदरिंगमध्ये वर्गाच्या नावावर बारा मिनिटं आहेत. त्यांत काही करायचं असेल तर गुरुवारी दुपारपर्यंत लेखी आराखडा माझ्या टेबलावर हवा, आणि ज्या प्रदेशाबद्दल असेल तिथल्या एका तरी माणसाशी बोलून लिहिलेला हवा. मेसमध्ये, बांधकामावर, गेटवर, बँकेत, अशी माणसं तुम्हाला रोज भेटतात. आराखडा आला नाही तर ती बारा मिनिटं वाणिज्य शाखेला दिली जातील. वर्गप्रतिनिधी, हजेरीपत्रक घेऊन ये.